घानाच्या नाण्यावरचा चेहरा

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर अजूनही पुष्कळ घरांतून जुना राणीछाप रुपया निघतो. वर्षभर तो डब्यात पडून असतो, त्या संध्याकाळी पंचामृताने न्हातो, आणि राणीच्या गालावर हळदकुंकू बसते. ती राणी कोण, तिचे आपल्यावर राज्य कसे होते, तिच्या नावाने आपल्या पणजोबांनी किती सारा भरला, हे त्या घटकेला कुणाच्या मनातही येत नाही. चांदी खरी आहे आणि नाणे खणखणीत वाजते, एवढे पुरते. नाण्यावरचा चेहरा दिवसातून दहादा डोळ्यांखालून जातो आणि म्हणूनच तो कुणी पाहत नाही, असे आपण सहज म्हणून जातो.

क्वामे एन्क्रुमा यांना हे म्हणणे मुळीच पटले नसते. इंग्रज ज्याला गोल्ड कोस्ट म्हणत, तो पश्चिम आफ्रिकेचा मुलूख ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला, त्याने घाना हे प्राचीन नाव धारण केले, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच तिथल्या या पंतप्रधानाने जाहीर केले की आमच्या नव्या नाण्यांवर इंग्लंडच्या राणीचे मस्तक असणार नाही, माझे असेल. लंडनमध्ये थोडी खळबळ उडाली. घाना तेव्हा प्रजासत्ताक झाला नव्हता. एलिझाबेथ राणीच तिथली राज्यप्रमुख होती, आणि १ जुलै १९६० पर्यंत ती तशी राहिली. तेव्हा एन्क्रुमांनी लंडनच्याच एका वृत्तपत्रात जून १९५७ मध्ये लेख लिहून आपली बाजू मांडली. तिचा मथितार्थ असा होता की माझ्या लोकांपैकी पुष्कळांना लिहिता-वाचता येत नाही. आपण खरोखर स्वतंत्र झालो हे त्यांना कागदावरून कळणार नाही, खुणेवरूनच कळेल. आणि रोज हाताळायचे नाणे ही ती खूण आहे.

युक्तिवाद मोठा बिनतोड वाटतो. हा युक्तिवाद एन्क्रुमांच्या विरोधकांना पटला नाही, त्यांनी त्यात व्यक्तिपूजेची पहिली पायरी पाहिली. आणि पुढे जे घडले ते पाहता त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. परंतु राजकारणाचा निवाडा बाजूला ठेवून त्या नाण्याकडे एक घडीव वस्तू म्हणून पाहिले, तर ते स्वतःच या युक्तिवादाविरुद्ध साक्ष देते. कसे, ते पाहू.

नाणी १९५८ साली निघाली. १४ जुलै १९५८ पासून बँक ऑफ घानाने आपले स्वतंत्र पौंड चलन सुरू केले, तेव्हा त्याबरोबर अर्धा पेनी आणि पेनी ही ब्राँझची, आणि तीन पेन्स, सहा पेन्स, एक शिलिंग, दोन शिलिंग ही तांबे-निकेलच्या मिश्रणाची नाणी लोकांच्या हाती आली. तीन पेन्सचे नाणे आपल्या जुन्या आण्यासारखे पाकळीदार कडेचे आहे. यांखेरीज संग्राहकांच्या हौसेसाठी दहा शिलिंगांचे चांदीचे एक नाणेही पाडले होते. ते बाजारात फिरण्यासाठी नव्हतेच. नवलाची गोष्ट ही की त्याच वर्षीच्या कागदी नोटांवर एन्क्रुमा नाहीत. नोट ज्यांच्या हाती पडते ते बहुधा वाचणारे असतात. चेहरा घातला तो नाण्यांवर, म्हणजे लेखातला हेतू निदान तेवढ्यापुरता प्रामाणिकपणे पाळला होता.

एका अंगाला एन्क्रुमांचे उजवीकडे पाहणारे मस्तक. रुंद कपाळ, मागे सरलेले केस, घट्ट मिटलेले ओठ. काम चांगले आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. नाण्यावरचा चेहरा पुष्कळदा मेणाचा वाटतो, हा तसा वाटत नाही. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतची रेषा एका दमात ओढल्यासारखी आहे आणि जबड्याखालची सावली धातूत बरोबर पकडली आहे. दुसऱ्या अंगाला मधोमध पंचकोनी तारा, त्याच्या दोन बाजूंना वर्षाचे आकडे विभागलेले, वर घाना हे नाव आणि खाली इंग्रजीत किंमत. हे दुसरे अंग मला पहिल्याहून अधिक आवडते. त्यात काही कमी करता येत नाही आणि काही वाढवावेसे वाटत नाही.

हा तारा घानाच्या ध्वजावरचा. थिओडोसिया ओको या बाईंनी तांबड्या, सोनेरी आणि हिरव्या पट्ट्यांवर काळा तारा मांडून तो ध्वज रेखला. तारा आला मार्कस गार्वी यांच्या ‘ब्लॅक स्टार लाइन’ या आगबोटीच्या कंपनीच्या नावावरून. ध्वजावर तो काळा आहे. नाण्यावर काळा रंग कुठून आणणार? पेनीवर तो तपकिरी होतो, शिलिंगवर पांढुरका. काळेपण हाच ज्याचा अर्थ, तो तारा धातूत उतरताना अर्थाचा अर्धा भाग मागे ठेवून येतो, पण आकाराच्या नेमकेपणामुळे तो तरून जातो. जुन्या इंग्रजी अमदानीतल्या लहान नाण्यांवरही ताराच होता, मात्र षट्कोनी. सहाचे पाच कोन झाले, आणि नवलाईच्या आड ओळखीचे काही शिल्लक राहिले. बाजारात बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी सोय होती.

आता मस्तकाभोवतीची अक्षरे. एन्क्रुमांच्या नावाबरोबर तिथे लिहिले आहे: सिव्हितातिस घानिएन्सिस कॉन्डितॉर. ही लॅटिन भाषा. अर्थ: घाना राज्याचा संस्थापक.

इथे थोडे थांबले पाहिजे. इंग्रजी नाण्यांवर राजाच्या नावापुढे लॅटिनमध्ये ‘देवाच्या कृपेने’ असे लिहिण्याची जुनी चाल आहे. घानाच्या नाण्याने ती चाल ठेवली आणि आतला मजकूर तेवढा बदलला. देवाची कृपा गेली, तिच्या जागी कर्तृत्व आले. वारशाने मिळालेल्या पदाच्या जागी स्वतः उभारलेले राज्य आले. एका शब्दात केवढी क्रांती आहे! कॉन्डितॉर हा शब्द रोमन लोक नगर वसवणाऱ्याला लावत; रोम्युलसपासून त्याची परंपरा. इंग्रजांना त्यांच्याच शाळांतल्या भाषेत, त्यांच्याच नाण्याच्या साच्यात, तुमचा राजा जन्मला पण आमचा नेता घडवून गेला, असे ऐकवण्यात एक खोचक हुशारी आहे, आणि तिला दाद द्यावीच लागते.

पण ही हुशारी ऐकणार कोण? ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हे नाणे काढले, असे लेखात सांगितले होते. त्याला चेहरा मिळाला, ठीक. ज्याला चार इंग्रजी अक्षरे येत होती त्याला देशाचे नाव आणि किंमत मिळाली. ज्याला फक्त ट्वी, एवे किंवा गा या आपल्या भाषा येत होत्या, त्याला या नाण्यावर आपला एकही शब्द सापडला नाही. आणि लॅटिन उमगणारे जे मूठभर, ते पाद्र्यांच्या शाळांत शिकलेले वकील आणि लंडनचे संपादक. कोंबडी विकून शिलिंग घेणारी बाई तो हातात घेते, तेव्हा तिच्या डोक्यावरून अक्षरांचे एक संभाषण चाललेले असते. एका टोकाला अक्रा, दुसऱ्या टोकाला लंडन. तिच्या हातातले नाणे तिच्याशी अर्धेच बोलते.

कुणी म्हणेल, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची भाषा संस्कृत होती, ती तरी मावळ्याला कुठे कळत होती? खरे आहे. शब्द कळण्याहून भाषा कुठली निवडली हेच त्यावेळी सांगायचे असते. फारसी सोडून संस्कृत घेणे ही राज्याची घोषणा होती. मात्र संस्कृत मावळ्याच्या कानाला परकी नव्हती. कीर्तनात, लग्नाच्या मंगलाष्टकांत, देवळात ती त्याच्या कानांवरून गेलेली होती. शिवाय होनावर अक्षरे उमटली ती ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढीच, नागरीत, चेहरा नाहीच. अकान लोकांच्या गावात लॅटिनचे असे कोणते स्थान होते?

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. राणीचे मस्तक काढायचे म्हटले, पण घानाच्या गरिबाच्या कनवटीला ते होते कुठे? १९१२ साली लंडनमध्ये स्थापलेले वेस्ट आफ्रिकन करन्सी बोर्ड नायजेरिया, गोल्ड कोस्ट, सिएरा लिओन आणि गँबिया या चारही वसाहतींना चलन पुरवीत असे. शिलिंगवर राजाचे मस्तक असे. पण पेनी, अर्धा पेनी आणि पेनीचा दहावा भाग, ही नाणी मधे भोक पाडलेली होती. ज्या जागी राजाचे मस्तक बसायचे तिथेच भोक! भोवती राजाचे नाव, वर मुकुट, दुसरीकडे तो षट्कोनी तारा. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात भोकाचा पैसा निघाला होता, त्याची आठवण जुन्या माणसांना असेल. भोकाचे नाणे दोरीत ओवता येते, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना ओवण्याचीच सवय होती, कारण त्याआधीचे त्यांचे सुट्टे चलन कवड्यांचे होते. तेव्हा शेतकऱ्याच्या हातातले सर्वांत लहान नाणे १९५८ पर्यंत बिनचेहऱ्याचे होते. एन्क्रुमांच्या पेनीने भोक बुजवले आणि त्या जागी चेहरा बसवला. परकी चेहरा गेला हे शिलिंगबद्दल खरे. पेनीबद्दल खरे हे की तिच्यावर पहिल्यांदाच कुणीतरी माणूस आला.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्यांनी चेहऱ्याऐवजी काय घालावयाचे होते? आपल्याकडे सहाव्या जॉर्जचे मस्तक स्वातंत्र्यानंतरही अडीच-तीन वर्षे नाण्यांवर राहिले, आणि १९५० साली प्रजासत्ताकाची नाणी निघाली तेव्हा सारनाथचे सिंह हाताशी तयार होते. रुपयावर धान्याची कणसे आली, आण्यावर बैल, पैशावर घोडा. कुणालाही आपला देश त्यात ओळखता आला. नेहरूंचे मस्तक रुपयावर आले ते १९६४ साली, त्यांच्या पश्चात. गांधीजींचे १९६९ साली. घानाला असा दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि सर्वांना चालणारा दगड कुठून मिळणार? इंग्रजांनी आखलेल्या सरहद्दीत अशांती होते, एवे होते, गा होते, उत्तरेचे दागोम्बा होते. अशांतींचे सुवर्णासन घातले तर ते अशांतींचे. इतरांनी त्याला का वंदावे?

कोकोचे फळ घालावे म्हणावे, तर ती गोष्ट त्याहून नाजूक. देशाची तिजोरी कोकोवर चाले. पण १९५४ साली सरकारने शेतकऱ्याला द्यायचा कोकोचा भाव बांधून टाकला आणि त्या संतापातून कुमासीत ‘नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट’ हा पक्ष उभा राहिला. एन्क्रुमांचा तो कडवा विरोधक. त्याच्या निशाणावर काय होते? कोकोचे झाड. म्हणजे १९५८ च्या नाण्यावर कोको घालणे हे प्रतिपक्षाची खूण घालण्यासारखे झाले असते. एन्क्रुमा स्वतः नझिमा या लहानशा जमातीतले. सगळी मोठी प्रतीके कुणाची ना कुणाची असताना, एका लहान जमातीतल्या माणसाचा चेहरा हेच त्यातल्या त्यात मोकळे प्रतीक उरले होते, असे म्हणायला जागा आहे. मी हे त्यांच्या बाजूने म्हणतो, आणि तरीही तारा होताच की, असे मनात येते. दोन्ही अंगांना ताराच असता तर काय बिघडले असते?

हे नाणे घडवले कुणी, तेही पाहण्यासारखे आहे. पॉल व्हिन्से हा मूळचा हंगेरीचा पदकशिल्पी. १९०७ चा जन्म. १९३८ साली तो इंग्लंडला आला आणि तिथलाच झाला. स्वतःचा देश मागे टाकून आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या नव्या देशाच्या संस्थापकाचा चेहरा घडवावा, यात एक विलक्षण योग आहे. पुढे १९६४ साली मलावीच्या नाण्यांवर हेस्टिंग्ज बांडा यांचे मस्तकही त्यानेच केले. नाणी पडली लंडनच्या टॉवर हिलवरच्या टांकसाळीत; जिथून साम्राज्याची नाणी जात होती, तिथूनच साम्राज्यातून सुटल्याचीही गेली. यात शरमेसारखे काही नाही. नाणे पाडणे हा यंत्राचा खेळ आहे. शिल्पी ते वीतभर रुंदीच्या प्लास्टरच्या तबकडीवर घडवतो. मग एक यंत्र एका टोकाच्या सुईने ते चाचपीत जाते आणि दुसऱ्या टोकाने तोच आकार लहान करून पोलादात कोरते. त्यावरून ठसे होतात, आणि दोन ठशांमध्ये कोरी चकती ठेवून प्रचंड दाबाने एका दणक्यात दोन्ही अंगे उठवतात. उठाव कडेच्या वर जाऊन चालत नाही, नाहीतर नाण्यांची चळत उभी राहत नाही आणि नाकाचा शेंडा महिन्याभरात झिजतो. अशी टांकसाळ उभारणे नव्या राष्ट्राला परवडणारे नव्हते.

पण यंत्र परक्याचे असले तरी दृष्टी परक्याची का असावी? कारण या मुलखाइतकी लहान धातुकामाची परंपरा जगात फार थोड्यांची असेल. इंग्रजी नाणी येण्यापूर्वी अकान लोकांचे मोठे चलन म्हणजे सोन्याची भुकटी. ती तोलायची तर वजने हवीत. म्हणून पितळेची बोटाच्या पेराएवढी वजने ओतीत. मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती थापायची, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा. मगर, मासा, ढाल, शेंगदाणा, मागे मान वळवून पाहणारा पक्षी. पुष्कळशा आकृतींमागे एकेक म्हण. म्हणजे सौदा करताना तागडीत म्हणी ठेवलेल्या असत. एवढ्याशा पितळेत एवढे बोलणे भरणाऱ्या कारागिरांच्या देशाने आपल्या पहिल्या नाण्यावर रोमच्या नमुन्याचे मस्तक आणि रोमची भाषा घ्यावी, हा त्या नाण्याचा खरा दोष आहे. चेहरा असणे हा त्याच्यापुढे लहान दोष.

याच काळातली दुसरी नाणी शेजारी ठेवली म्हणजे हे स्पष्ट होते. टांझानियाची १९६६ ची नाणी ख्रिस्तोफर आयर्नसाइड या इंग्रज कलावंताने रेखली आणि तीही लंडनचीच. त्यांच्यावर ज्युलियस न्येरेरे यांचे मस्तक आहे, म्हणजे तोच जिवंत नेता, तीच पद्धत. पण शब्द स्वाहिलीतले: राइस वा क्वान्झा, पहिला राष्ट्राध्यक्ष. आपल्या ‘रईस’चा हा भाऊबंद, दोघेही अरबीतून आलेले, जसा त्या किनाऱ्यावरचा ‘पेसा’ आपल्या पैशाचा नातलग. आणि दुसऱ्या अंगाला वीस सेंटींवर शहामृग, पन्नासवर ससा. स्वाहिली गोष्टींतला ससा मोठ्या जनावरांना फसवणारा चतुर ससा असतो. पोरासोरांना त्याच्या गोष्टी ठाऊक. ते नाणे हातात घेणाऱ्याला एक बाजू राष्ट्राध्यक्षाची असली, तरी दुसरी आजीची आहे.

घानाने १९६५ साली पौंड-शिलिंगांचा हिशेब टाकून दशमान चलन घेतले, आणि त्याला जे नाव दिले ते मराठी वाचकाला मोठे जवळचे वाटेल. ‘सेदी’ म्हणजे अकान भाषेत कवडी. सेदीचे शंभर भाग ते ‘पेसेवा’. सोन्याची भुकटी तोलण्यातले अगदी लहान माप. आपण कवडीमोल म्हणतो, फुटकी कवडी म्हणतो, कवडीचुंबक म्हणतो. आणि ती आफ्रिकेतली कवडी आपल्याच समुद्रातून गेलेली आहे. मालदीवच्या बेटांवर गोळा केलेल्या कवड्या बंगाल आणि सिंहलद्वीपाच्या वाटेने युरोपी व्यापाऱ्यांच्या गलबतांत नीरम म्हणून भरल्या जात, युरोपात पुन्हा चढवल्या जात आणि गिनीच्या किनाऱ्यावर उतरत. तिथे त्यांच्या मोबदल्यात कापड, हस्तिदंत आणि माणसेही विकत घेतली जात. गुलामांच्या व्यापारातले हे चलन. ते नाव स्वतंत्र देशाने आपल्या चलनाला द्यावे यात काहींना विसंगती दिसेल. मला त्यात धिटाई दिसते. लोकांच्या जिभेवर जो शब्द होता तो उचलला, आणि त्याला नव्याने वाजवून घेतले. लॅटिनच्या मानाने किती सरळ!

पण १९६५ च्या नाण्यांवर मस्तक तेच राहिले आणि लॅटिनही तेच. आता नोटांवरही एन्क्रुमा आले. १९५८ साली जो संयम होता तो सात वर्षांत सुटला. संसद-भवनासमोर त्यांचा पुतळा होता, विरोधी पक्षांवर कायद्याने बंदी आली होती, माणसे खटल्यावाचून तुरुंगात होती. निरक्षर लोकांसाठी काढलेली खूण एव्हाना साक्षरांनाही डोळ्यांपुढून हलवता येत नव्हती. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा व्हिएतनामच्या वाटेवर पेकिंगला असताना सैन्याने आणि पोलिसांनी सत्ता घेतली. पुतळा पाडला गेला. वर्षभराने, फेब्रुवारी १९६७ मध्ये, नवे सेदी चलन काढून एन्क्रुमांचे मस्तक असलेली नाणी आणि नोटा मागे घेतल्या. मस्तक काढण्यासाठी सगळे चलनच बदलले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. राणीच्या मस्तकाला एवढा खर्च करावा लागला नव्हता.

आता खरी गंमत पाहा. ही सत्ता कुणी निवडलेली नव्हती, पण तिने काढलेली १९६७ ची नाणी १९५८ च्या नाण्यांपेक्षा चांगली आहेत. अर्ध्या आणि एक पेसेव्याच्या ब्राँझवर ढोल आहेत. अकान ही स्वरांच्या चढउतारावर अर्थ बदलणारी भाषा. तिच्यातल्या म्हणी आणि वार्ता ढोलाच्या उंच-नीच नादातून सांगता येतात. तेव्हा ढोल हा तिथे बोलणारा प्राणी आहे. जे लॅटिनला जमले नाही ते त्याने एकही अक्षर न काढता केले. त्याच्या मागे तो तारा कायम आहे. वरच्या किमतींच्या नाण्यांवर कोकोची फळे आली: फुगीर, पन्हाळी असलेली, फांदीवरून लोंबणारी. धातूला असा पन्हाळीदार आकार फार मानवतो. झिजला तरी ओळखू येतो. या नाण्यांच्या दुसऱ्या अंगाची मात्र मला तक्रार आहे. तिथे देशाचे राजचिन्ह ठासून बसवले आहे. अमोन कोतेई या घानाच्याच चित्रकाराने ते १९५७ साली रेखले. ढालीत किल्ला, खाण, कोकोचे झाड, तलवार आणि राजदूताची काठी, मधे इंग्लंडचा सिंह, दोन बाजूंना गरुड. भिंतीवर ते शोभते. दहा पेसेव्यांवर त्याची भाजी होते.

आणि कोकोचे फळ तितकेसे निरागस नव्हते, हे वर सांगितलेल्या इतिहासावरून वाचकाच्या ध्यानी आलेच असेल. १९५४ च्या निशाणावरचे झाड १९६७ च्या नाण्यावर फळाला आले. ते पाडताना कुणाच्या मनात हे होते की नव्हते, नाण्यावरून ठरवता येत नाही. शेतकऱ्याला मात्र आपल्या हातातल्या नाण्यावर आपल्याच हातचे पीक दिसले. आणि चेहरा गेला म्हणून त्याचे काही अडले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती नाण्याच्या सौंदर्याची फारशी नाही. १९७९ साली एक सेदीचे पितळी नाणे निघाले, त्यावर एकदाची कवडी आली. नाव घेतल्यानंतर चौदा वर्षांनी नावाची मूर्ती दिसली. त्याच वर्षी सैनिकांनी अक्र्याचा माकोला बाजार, महागाईचे खापर तिथल्या विक्रेत्या बायकांवर फोडून, जमीनदोस्त केला. या बाजारकरणी बायका म्हणजे एन्क्रुमांच्या पक्षाचा एके काळचा मोठा आधार. त्यांच्या पैशावर आणि आवाजावर सभा भरत. चलन घसरत गेले, इतके की जुलै २००७ मध्ये दहा हजार जुन्या सेदींचा एक नवा सेदी करावा लागला. कवडीच्या नाण्याला कवडीचीही किंमत उरली नव्हती.

एन्क्रुमा परत आले आहेत. २७ एप्रिल १९७२ रोजी ते परदेशात, बुखारेस्टला वारले. आता अक्र्यात त्यांचे स्मारक आहे आणि मोडलेला पुतळाही तिथे मोडलेलाच ठेवला आहे, डोके वेगळे. २००७ च्या नोटांवर ते स्वातंत्र्यलढ्यातल्या सहा पुढाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले; त्या सहांत त्यांचे विरोधक डॉ. डान्का हेही आहेत, जे १९६५ साली एन्क्रुमांच्याच तुरुंगात वारले. नाण्यांवर मात्र यांपैकी कुणी नाही. एक पेसेव्यावर व्होल्टा नदीवरचा अडोमीचा पूल आहे, वीसवर पुन्हा कोको, एक सेदीवर तराजू. पन्नास पेसेव्यांच्या नाण्यावर बाजारात माल विकणारी एक बाई आहे, कमरेपर्यंत दाखवलेली. भोवती किंमत लिहिली आहे. तिचे नाव नाही.